पार्सल गेलं का, साहेब?

लाख वितळल्याचा वास आला की ती घटना आजही माझ्यापुढे येऊन बसते. अमरावतीत राजापेठेत आम्ही राहतो त्या इमारतीखाली एक सोनार आहे. पोकळ पाटल्यांत लाख भरायचं काम त्याच्याकडे येतं. दुपारी त्याची शेगडी पेटली की मी खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, "एवढ्या गर्मीत खिडकी काहून लावता?" मी म्हणतो, समोरच्या ट्युशन क्लासचा गलका होतो. अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढल्यावर खोटं बोलायला फार विचार करावा लागत नाही.

तो वास मुद्देमाल खोलीचा आहे. गुन्ह्यात जप्त केलेली वस्तू कागदी पाकिटात घालायची, वरून कापड शिवायचं, शिवणीवर लाख ओतून ठाण्याची पितळी मोहोर दाबायची, लेबलवर दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. हे पार्सल मग प्रयोगशाळेत जातं. जायला हवं.

या हकिगतीत मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. ज्या बाईंवर अत्याचार झाला त्यांचं नाव लिहिणं कायद्याने गुन्हा आहे. बाकीच्यांचं लिहीत नाही, कारण यात जो सगळ्यांत जास्त दोषी आहे असं मला वाटतं, त्याचं नाव लिहायचं धैर्य अजून माझ्यात नाही. तो मीच आहे.

आमचं ठाणं चांदूर बाजार आणि परतवाडा यांच्या मधल्या संत्र्याच्या पट्ट्यात. मी तिथला ठाणेदार. इमारत जुनी, कौलारू. मागच्या अंगाला मुद्देमाल खोली. एक लाकडी कपाट, गंजलेल्या तलवारी, कुणाकुणाच्या रक्ताचे कपडे, आणि एक मोटारसायकल, जिच्या सीटवर उंदरांनी तीन पिढ्या काढल्या होत्या. खोलीचा ताबा एका म्हाताऱ्या हवालदाराकडे. निवृत्तीला वर्ष उरलेलं. आत जाताना तो चप्पल काढायचा. मी एकदा थट्टा केली, "काय हो, देवघर आहे का?" तो म्हणाला, "देवघर नाई साहेब, पर इथं ठेवलेली कोन्तीच वस्तू मेलेली नाई. बोलाची वाट पाहून राहिली."

या खोलीच्या भिंतीपलीकडे एक टेलर होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. ठाण्यातल्या निम्म्या वर्द्या त्यानेच शिवलेल्या, माझीही. मुद्देमाल खोलीत उभं राहिलं की भिंतीतून त्याच्या मशीनचा आवाज दिवसभर ऐकू यायचा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. माणूस शांत, हसतमुख. ओठांत सदैव दोन-तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे दात मिटून बोलायचा. पंचनाम्याला पंच मिळणं ही पोलिसांची जुनी डोकेदुखी. कोर्टात कोण खेटे घालणार? हा बिचारा हाक मारली की यायचा. पार्सलचं कापडही तोच शिवून द्यायचा. शिवण इतकी सरळ, की प्रयोगशाळेतल्या एका साहेबाने एकदा आमच्या माणसाजवळ तिचं कौतुक केलं होतं. ठरावीक पंच वापरू नका असं प्रशिक्षणात सांगतात. मीही नव्या पोरांना सांगत असे.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू होती, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाची ही गोष्ट. एका सकाळी पस्तिशीच्या एक बाई नवऱ्यासोबत ठाण्यात आल्या. त्यांना मी ताई म्हणतो. बगीच्यात संत्र्याची प्रतवारी करायला जात. आदल्या दुपारी, बाकीच्या बाया जेवायला बसल्या असताना, त्या पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाणी आणायला गेल्या. मागून कुणीतरी ओढणी त्यांच्या डोळ्यांवर आवळली. पुढचं लिहीत नाही. चेहरा दिसला नव्हता. घरी जाऊन कपडे बदलले, रात्रभर कुणाशी बोलल्या नाहीत. पहाटे नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने एकच विचारलं, "चालतं का ठाण्यात?" आणि घेऊन आला. असे नवरे मी कमी पाहिले.

आमच्याकडे अकोल्याची एक तरुण महिला उपनिरीक्षक होती. जबाब तिने घेतला. ताईंनी ओळखीच्या दोन गोष्टी सांगितल्या. "मशीनच्या तेलावानी वास होता मॅडम. अन् थो तोंड उघडून बोलत नोता. दात मिटून बोले. जसं तोंडात काई धरलं हाये."

हे जबाबात जसंच्या तसं उतरलं. मी वाचलं. खाली सही केली. माझ्या अंगातली वर्दी मास्तरने शिवलेली होती आणि भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. माझ्या मनात काहीही आलं नाही. एखादी गोष्ट रोजची झाली की पोलिसाला ती दिसेनाशी होते.

डॉक्टरांनी तपासणी करून नमुने मोहोरबंद दिले. आदल्या दिवशीचे कपडे ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणले होते. ते पंचांसमक्ष जप्त करायचे होते. मी सांगितलं, "मास्तरला बोलवा." नव्या कायद्याने जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलंय, म्हणून उपनिरीक्षकेने मोबाईल लावला. ताई तेव्हा आतल्या खोलीत पडून होत्या. मास्तर आला, बसला, कापड मापलं, शिवलं, सही केली. हवालदाराने लाख ओतली. मी मोहोर दाबली. सगळं नियमाप्रमाणे.

तिसऱ्या दिवशी मास्तर आपणहून माझ्या टेबलाशी आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "साहेब, लहान तोंडी मोठा घास. पर त्या बगीच्यातल्या राखणदाराले पाहा एकदा. मेळघाटातला हाये. एकटाच राह्यते. बायाकडं टुकुटुकु पाह्यते म्हन्तेत."

आमच्या भाषेत ही खबर. खबर देणाऱ्याला ती कुठून मिळाली, हे विचारायचं असतं. मी विचारलं नाही.

राखणदार चाळिशीचा, काटकुळा, हातात माकडं हाकलायची गोफण. मराठी तोडकीमोडकी. घटनेच्या वेळी कुठं होतास? "पानी देत होतो साब." कुणी पाहिलं? "झाडानं पाह्यलं." आमचे शिपाई हसले. मीही हसलो. चौकशी तीन दिवस चालली. कशी, ते विचारू नका. मारलं नाही एवढं सांगतो, पण न मारताही माणसाला पुष्कळ काही करता येतं. तो एकच वाक्य बोलत राहिला, "पानी देत होतो साब." तिसऱ्या दिवशी मला ते वाक्य मुरलेल्या गुन्हेगाराचं वाटू लागलं. मी अटक दाखवली. त्याचंही रक्त घेतलं गेलं आणि ताईंच्या पार्सलशेजारी येऊन बसलं.

ताईंनी त्याचा आवाज ऐकला आणि उपनिरीक्षकेला सांगितलं, "हा नोय मॅडम. हा तोंड भरून बोलते." उपनिरीक्षका माझ्याकडे आली. मी म्हणालो, "घाबरलेलं माणूस आहे, आवाज काय ओळखणार? सी.ए. रिपोर्ट येऊ दे, सगळं स्पष्ट होईल." प्रयोगशाळेच्या अहवालाला आमच्याकडे अजून 'केमिकल ॲनालायझर' या जुन्या नावावरून सी.ए. रिपोर्टच म्हणतात.

म्हणजे सगळं त्या पार्सलवर आलं. एका माणसाची सुटका त्यात शिवलेली होती.

आता कायद्याचं सांगतो. अशा गुन्ह्याच्या तपासाला दोन महिने. वैद्यकीय अहवालाला सात दिवस. प्रयोगशाळेने असे नमुने आधी हातात घ्यावेत, ठरल्या मुदतीत अहवाल द्यावा, अशा सूचना वरून येत असतात. सगळीकडे घड्याळं लावलेली आहेत. पण प्रयोगशाळेचं घड्याळ सुरू होतं तिच्या आवक शिक्क्यापासून. तो शिक्का बसेपर्यंत वस्तू कुठे होती, हे कोणतंही घड्याळ मोजत नाही.

पार्सल आमच्या कपाटात तीन आठवडे राहिलं. बंदोबस्त होते, पोचवायला माणूस नव्हता. उपनिरीक्षका म्हणाली, "सर, मी स्वतः घेऊन जाते." मी म्हणालो, "तू गेलीस तर इथे महिला अधिकारी कोण?" तेही खरंच होतं. खऱ्या कारणांनीच बहुतेक पापं होतात. शेवटी एक शिपाई घेऊन गेला आणि तीन दिवसांनी पार्सलसकट परत आला. प्रयोगशाळेने शेरा मारला होता. वरच्या कापडाची एक मोहोर वाटेत फुटलेली, आणि सोबतच्या पत्रावरचा नमुना मोहोरेचा ठसा पुसट. त्रुटी दूर करून पुन्हा पाठवा.

अर्ध्या तासाचं काम. मी प्रयोगशाळेचं ते पत्र टेबलाच्या काचेखाली सरकवलं. नजरेसमोर राहील म्हणून. आठवड्याभरात त्याच्यावर दुसरा कागद आला, मग तिसरा. पार्सल कपाटात गेलं, राखणदार अमरावतीच्या जेलमध्ये. मुदत भरत आली तेव्हा मी दोषारोपपत्र दाखल केलं आणि खाली लिहिलं, 'सी.ए. अहवाल प्राप्त होताच सादर करण्यात येईल.' त्याच्या जामीन अर्जावर म्हणणं दिलं, 'अहवाल प्रयोगशाळेकडून अप्राप्त आहे.' जामीन फेटाळला गेला. दर महिन्याच्या गुन्हे बैठकीत वरिष्ठ विचारायचे, या केसचं काय? "सर, सी.ए. पेंडिंग." तेही मान हलवायचे. या उत्तरावर आमच्या खात्यात कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

मात्र त्या पार्सलची चौकशी दोन माणसं करत होती. सबंध गावात दोनच.

एक ताई. मंगळवारच्या बाजाराला आल्या की ठाण्यात यायच्या. व्हरांड्यात मुद्देमाल खोलीच्या भिंतीला लागून बाकडं होतं. त्यावर त्या कधी बसल्या नाहीत. समोरच्या उन्हात उभ्या राहायच्या. उन्हाळा लागला, कौलं तापली, तरी उन्हातच. मी एकदा म्हणालो, "ताई, सावलीत बसा ना."

"नाई साहेब. तिथं बसलं की मले मळमळते. कान भरून येतेत."

मला वाटलं, ठाण्याचीच धास्ती असेल. मग त्या विचारायच्या, "पार्सल गेलं का, साहेब?" आणि मी सांगायचो, "गेलं ताई, केव्हाच गेलं. तिकडूनच उशीर आहे." त्या मान हलवून निघून जायच्या. गावात त्यांच्याबद्दल बोललं जात होतं. इतके महिने झाले, काही सिद्ध होत नाही, म्हणजे बाईच खोटी. त्यांच्या नवऱ्याने पारावर बसणं सोडलं होतं.

दुसरा मास्तर. दोन-तीन दिवसांआड डोकावायचा. "पार्सल गेलं का, साहेब?" त्याला मी खरं सांगायचो, कारण तो घरचा. "जाईल ना मास्तर, घाई कशाची." तो टाचण्यांतून हसायचा. मला वाटायचं, पंच असावा तर असा. आपल्या सहीची एवढी काळजी कोण करतं?

एकाच प्रश्नाने एकीचा मला वैताग यायचा आणि दुसऱ्याचं कौतुक वाटायचं.

हवालदाराला मात्र काहीतरी लागलं होतं. एकदा तो म्हणाला, "साहेब, एक गोठ सांगू? हसान तुमी."

"सांगा."

"मी थ्या कपाटाचं दार उघडलं का पलीकडची मशीन बंद पडते. दार लावलं का चालू होते. चार खेपा पाह्यलं."

"कान शाबूत आहेत ना हवालदार?"

"कान शाबूत हायेत म्हून तं सांगून राहिलो."

मी हसलो. पण दुपारी खोलीत एकटा गेलो आणि कपाटाची कडी वाजवली. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. मी तसाच उभा राहिलो. बाहेर मोटारसायकली जात होत्या, चहावाल्याची कपबशी वाजत होती, आणि त्या भिंतीच्या मागे कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं मला स्पष्ट वाटलं. मी हळूच कडी लावली. मशीन सुरू झालं. मी बाहेर आलो, घाम पुसला आणि स्वतःला सांगितलं, योगायोग. अधिकाऱ्याने भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नसतो. तिथे भूत नव्हतंच. पुरावा होता, आणि मी त्याला भूत समजून बाहेर पडलो.

राखणदाराच्या दुसऱ्या जामीन अर्जाला सरकारकडून मिळालेली एक तरुण वकील उभी राहिली. तिने एकच मागणी केली, "पार्सल प्रयोगशाळेत पोचल्याचा आवक क्रमांक सांगा." सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे क्रमांक नव्हता. पुढची तारीख घेतली आणि सरळ ठाण्यात आलो. काचेखालचं पत्र काढलं. कागदाला काच चिकटली होती.

"मास्तरला बोलवा. आजच्या आज शिवायचं."

मास्तर आला. पार्सल टेबलावर ठेवलं. बाहेरचं कापडच बदलायचं होतं, आतलं पाकीट मूळ सह्यांसकट शाबूत होतं. मास्तरने ते हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं. म्हणाला, "साहेब, हाताची टीप वाटेत उसवते. दुकानात नेऊन मशीनवर मारून आणतो. पाच मिन्टं."

"ने ना," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. हे वाक्य मी कुठल्याही जबाबात लिहिलेलं नाही. आज लिहितो.

हवालदार दारात आडवा झाला. "मुद्देमाल उंबऱ्याबाहेर जात नाई."

"अहो, भिंतीपलीकडे तर जातोय."

"तुमी साहेब हा, सही करा, बदली करा माही. पर मुद्देमाल उंबऱ्याबाहेर जात नाई. मास्तर, इथंच शिव. मी बसतो तुह्यापाशी."

मास्तर हसला. "हवालदार, माह्यावर भरोसा नाई का बाप्पा?"

"भरोसा माह्या बापावरबी नोता. शिव."

मास्तरने तिथेच बसून हाताने शिवलं. एवढी वर्षं त्याचं काम पाहत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या बोटात सुई घुसली. कापडावर थेंब पडला. हवालदाराने ते कापड बाजूला काढलं, दुसरं दिलं, आणि पुन्हा मांडी घालून समोर बसला. त्याचे डोळे मास्तरच्या हातावरून हलले नाहीत.

या वेळी उपनिरीक्षकेला पाठवलं. आवक शिक्का बसला. अहवाल प्रयोगशाळेने तिच्या मुदतीच्या आत दिला. त्याआधी तिथल्या एका मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता. "सर, तुमच्या आरोपीचे नमुने जुळत नाहीत. कपड्यांवर दुसऱ्याच पुरुषाचे अंश आहेत. आणि एक विनंती. अहवालातल्या तारखा कोर्टात वाचून दाखवा. उशीर झाला की आमच्याकडे बोट दाखवलं जातं."

मी "हो मॅडम" म्हणालो. फोन ठेवला आणि केस डायरीतली अटकेची तारीख पाहिली. राखणदाराला आत जाऊन सात महिने होत आले होते.

उपनिरीक्षका म्हणाली, "सर, पहिल्यापासून पाहू." तिने जप्तीचं चित्रीकरण लावलं. ते आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. कायद्याने करायचं म्हणून केलेलं. पडद्यावर माझं टेबल, गाठ मारलेली पिशवी, हवालदाराचे हात. मास्तर कापड मापतोय. टाचण्यांमधून त्याचा आवाज आला, "कापड दुहेरी घ्या. डाव्या बगलेपासून फाटला हाये कुर्ता, घडी नीट घाला."

उपनिरीक्षकेने थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं.

पिशवीची गाठ अजून सुटलेली नव्हती.

भिंतीपलीकडे मशीन चालू होतं, एकसारखं. आणि मला एकदम जबाबातली ओळ ऐकू आली. जसं तोंडात काई धरलं हाये. मशीनच्या तेलावानी वास. ताई सात महिने त्या भिंतीपासून दूर उन्हात उभ्या होत्या. त्यांच्या अंगाला कळलं होतं. मला नव्हतं कळलं.

"सर," उपनिरीक्षका हळू आवाजात म्हणाली, "आपण त्यालाच शिवायला दिलं."

मास्तरला बोलावलं. रीतसर रक्ताचा नमुना घेतला, त्याच दिवशी पाठवला. तो जुळला. घटनेच्या दुपारी तो बगीच्याच्या ठेकेदाराचे कपडे पोचवायला गेला होता, हेही निघालं.

अटकेनंतरची चौकशी मला शब्दन् शब्द पाठ आहे. टाचण्या काढून घेतल्या होत्या, तरी तो दात मिटूनच बोलत होता. हातातल्या रुमालाची कड दुमडत होता, जशी तुरपाई करायची असावी. गुन्हा त्याने सरळ सांगितला. मी विचारलं, "इतके महिने शेजारी बसून शिवत राहिलास. पळून का नाही गेलास?"

त्याने मान वर केली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर खरं आश्चर्य दिसलं.

"मी तं तुमाले विचारत होतो साहेब. दर दोन दिसांनी. पार्सल गेलं का म्हून. तुमी हसून म्हनत होते, घाई कायची. मले वाटलं, साहेबाले समजलं हाये. साहेब आपल्याले वाचवून राहिले."

"मी तुला का वाचवीन?"

"थेच तं मलेबी समजत नोतं. पर मी म्हटलं, असंल काई. म्हून या साली तुमची वर्दी मी जीव लावून शिवली."

उपनिरीक्षका लिहीत होती. तिचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

राखणदार सुटला. आपल्या वस्तू घ्यायला ठाण्यात आला. हवालदाराने कपाटातून गोफण काढली, धूळ झटकली, दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली. मी काहीतरी बोलणार होतो. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "साब, इतके दिन झाडाले पानी कोन देलं?" बगीच्यात आता दुसरा राखणदार होता. तो गोफण घेऊन परतवाड्याच्या जीपमध्ये बसला आणि वर मेळघाटात निघून गेला.

उशिराची खातेनिहाय चौकशी झाली. मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता? हवालदाराच्या. पार्सल पाठवण्याबाबत पाठपुरावा केला नाही म्हणून त्याच्यावर ठपका बसला. निवृत्तीला दोन महिने असताना. काचेखालच्या पत्राबद्दल मला विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, "ते माझ्या निदर्शनास आणून दिलं गेलं नाही." हवालदार तिथेच उभा होता. ते पत्र त्यानेच माझ्या हातात दिलं होतं. तो काही बोलला नाही. ज्या माणसाने केस वाचवली त्याच्या सेवापुस्तकात लाल शाई लागली, आणि माझं बदलीच्या ठिकाणी हार घालून स्वागत झालं. सहा महिन्यांनी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारण लिहिलं, प्रकृती.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो. हवालदार तिथे मुलाकडे राहतो. नजर अधू झालीय. आवाजावरून ओळखलं. म्हणाला, "या साहेब. चप्पल राहू द्या, देवघर नाई हे." मी सांगितलं, सगळं लिहिणार आहे. पत्राचंही, 'ने ना'चंही. त्याने सुपारी कातरायला घेतली.

"लिहा," तो म्हणाला. "पर माह्यं नाव नोका टाकू. लोक म्हनतीन, म्हातारा कपाट उघडून भुतं पाह्यत होता." मग थांबून म्हणाला, "मी बोलाले पाह्यजे होतं चौकशीत. तुमची पोरगी लग्नाची होती, म्हून नाई बोल्लो."

मी त्याच्या पाया पडलो. त्याला दिसलं नसावं. किंवा दिसलं असावं.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. प्रयोगशाळांना मुदती घाला, जरूर घाला. पण प्रत्येक पार्सलवर आवक शिक्क्याच्या आधीची तारीखही मोठ्या अक्षरात लिहा, आणि त्याखाली अधिकाऱ्याचं नाव. न्याय सगळ्यांत जास्त वेळ कुठे अडकतो, ते प्रयोगशाळेतल्या यंत्रांना कळत नाही. ते त्या कपाटाच्या कडीला माहीत असतं.

शेवटचं ताईंबद्दल. खटला उभा राहिल्यावर त्या एका मंगळवारी आल्या. मास्तरचं दुकान बंद होतं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा भिंतीजवळच्या बाकड्यावर बसल्या. पाणी प्यायल्या. मला विचारलं, "साहेब, तिकडं इतका येळ काहून लागला?"

मी म्हणालो, "प्रयोगशाळेत काम फार असतं ताई."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "हाव, बिचारे. त्याईलेबी किती पुरं पडीन."

त्यानंतर आमची भेट नाही. आता त्या कुठे असतात ते मला माहीत आहे, पण दारात जाऊन उभं राहायचा मला हक्क नाही. म्हणून त्यांनी इतके मंगळवार उन्हात उभं राहून जे विचारलं, त्याचं उत्तर इथे देतो.

नाही ताई. गेलं नव्हतं. तुमच्या समोरच्या खोलीत होतं.